बाकावरच्या सर्जनसाहेबांना खुलं पत्र

काका,

आमच्या घरात वडीलधाऱ्यांना लिहिलेलं पत्र साष्टांग नमस्काराने सुरू होतं. हे तसं सुरू होणार नाही. तो नमस्कार तुम्ही गमावलात. का गमावलात ते चारचौघांत सांगायचं, म्हणून हे पत्र पाकिटात न घालता छापायला दिलं आहे.

सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर तुम्ही डोंबिवलीतल्या आमच्या बागेत, ज्येष्ठ नागरिक संघाच्या फलकाखालच्या बाकावर, शस्त्रक्रियेचा विभाग उघडलात. वेळ संध्याकाळी पाच ते सात. फी नाही, केसपेपर नाही, तपासणी नाही, रिपोर्ट बघायची गरज नाही. निकाल जागच्या जागी. कुणाचा गुडघा बदलायचा, कुणी अँजिओग्राफी टाळायची, कुणाची इन्सुलिनची सुई बंद करायची, सगळं तिथे ठरतं. पण तुमचा खास विषय प्रोस्टेट. त्या बाकावर साठीच्या पुढचे पुरुषच बसतात, त्यामुळे पेशंटची वानवा तुम्हाला कधी नव्हती.

माझे वडील अण्णा तुमच्याकडे आले तेव्हा त्यांची तक्रार हातात धरता येण्यासारखी होती. लघवीची धार बारीक झाली होती, सुरू व्हायला वेळ लागायचा, होऊन गेल्यावरही पूर्ण झाली असं वाटायचं नाही, रात्री तीन-चारदा उठावं लागायचं. हे त्यांनी आईला सांगितलं नाही. मला तर नाहीच, मुलीशी असलं काय बोलायचं! जन्मभर सोबत राहिलेल्या बायकोपासून लपवलेली गोष्ट त्यांनी तुम्हाला सांगितली. तुम्ही पुरुष होता, वयाने बरोबरीचे होता आणि कधीही ‘मला माहीत नाही’ म्हणत नव्हता. एका अबोल माणसाने मन मोठं करून टाकलेला तो विश्वास होता. त्याचं तुम्ही काय केलंत?

तुम्ही म्हणालात, “वयाने होतंच हो. पाणी कमी प्या. गोळ्या सुरू करू नका, सवय लागते. आणि ऑपरेशनच्या भानगडीत तर पडूच नका. आमच्या साडूचं केलं, माणूस कामातून गेला. चाकू लागला की कॅन्सर पसरतो.” एवढं बोलून तुम्ही कुठल्याशा चूर्णाची पुडी त्यांच्या हातात दिलीत. अण्णांनी तुमचा शब्द न् शब्द पाळला. आता तुमचा शब्द न् शब्द मी तपासते.

“वयाने होतंच.” हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त घातक आहे. प्रोस्टेट ही मूत्राशयाच्या मुखाशी, मूत्रमार्गाला चहूबाजूंनी वेढून असलेली ग्रंथी. तरुणपणी ती अक्रोडाएवढी, वजनाने साधारण २० ग्रॅम. पुढे तिचा आतला, मूत्रमार्गाला लागून असलेला भाग वाढायला लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली दिसते, ऐंशीच्या पुढे दहांतल्या आठ-नऊ जणांत. इथवर तुमचं बरोबर. पण वाढ होणं वेगळं, तिचा त्रास होणं वेगळं आणि त्या त्रासापायी मूत्राशयाला नि मूत्रपिंडाला इजा होणं आणखी वेगळं. ३० ग्रॅमच्या ग्रंथीने एखाद्याची लघवी अडते आणि ८० ग्रॅमची ग्रंथी घेऊन दुसरा खुशाल पंढरपूरची वारी चालतो. सोनोग्राफीतल्या आकड्यावरून ऑपरेशन ठरत नाही, तसंच ‘वयाने होतं’ म्हणून ते रद्दही होत नाही. मोतीबिंदूही वयानेच होतो. तुम्ही दोन्ही डोळ्यांचे काढून घेतलेत ना?

“पाणी कमी प्या.” अण्णांनी पाणी कमी केलं. दादरला जायचं असलं की सकाळपासून घोट मोजायचे. आपल्या लोकलच्या डब्यात स्वच्छतागृह नाही आणि फलाटावरचं उघडं सापडेल याचा भरवसा नाही. मग दादर बंद झालं. शिवाजी मंदिरातली नाटकं बंद झाली. आत्याकडे पुण्याला जायचं तर एसटीचा थांबा कधी येईल या धास्तीने आदल्या रात्रीपासून झोप नाही, म्हणून तेही बंद झालं. आई म्हणायची, “हे हल्ली माणूसघाणे झालेत.” ते माणूसघाणे झाले नव्हते. कुठे गेलं तरी आधी संडास कुठे आहे ते बघावं लागतं, याची त्यांना शरम वाटत होती. पाणी तोडल्याने लघवी दाट होते, जळजळ वाढते, बद्धकोष्ठ होतं, आणि बद्धकोष्ठाने लघवी अडणं आणखी वाढतं. संध्याकाळनंतर पाणी आवरतं घ्यायचं, चहा-कॉफी कमी करायची, दिवसा मात्र नेहमीसारखं प्यायचं, हा खरा सल्ला. तो कुठल्याही डॉक्टरने दोन मिनिटांत दिला असता. तुमच्या सल्ल्याने माझ्या वडिलांचं जग बागेच्या फाटकापर्यंत आलं.

चूर्णाबद्दल तुम्ही म्हणाला होतात की अमेरिकेतही प्रोस्टेटवर झाडपाल्याचंच औषध घेतात. घेतात खरं. सॉ पामेटो नावाच्या ताडाच्या फळांचा अर्क तिथे लाखो पुरुष घेत आले. त्याची रीतसर परीक्षा झाली. २००६ साली २२५ पुरुषांवरचा वर्षभराचा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसीनमध्ये आला. २०११ साली दुसरा आला, त्यात मात्रा तिप्पट करून पाहिली. दोन्ही वेळा अर्क घेणारे आणि नुसती खोटी गोळी घेणारे यांच्यात फरक दिसला नाही. हे निदान परीक्षेला बसलेलं औषध. तुमच्या पुडीत काय होतं ते पुडीवरही लिहिलेलं नव्हतं.

आणि जी औषधं परीक्षेत उतरली, त्यांपासून तुम्ही अण्णांना तोडलंत. टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्या मूत्राशयाच्या मुखाचे नि ग्रंथीचे स्नायू सैल करतात, काही दिवसांतच धार सुधारते. झटकन उठून उभं राहिल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून त्या बहुतेकदा रात्री देतात. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड ही औषधं ग्रंथीचा आकारच कमी करतात, पण त्याला सहा महिने तरी द्यावे लागतात. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३०४७ पुरुषांना साडेचार वर्षांच्या आसपास पाहिलं. दोन्ही प्रकारची औषधं जोडीने घेणाऱ्यांत आजार पुढे जाण्याचा धोका दोन तृतीयांशाने घटला. यातल्या कशाचीही सवय लागत नाही. गोळी बंद केल्यावर त्रास परत येतो, कारण ग्रंथी जागेवरच असते. खरोखर सांगण्यासारख्या गोष्टी दुसऱ्याच आहेत. टॅम्सुलोसिन घेणाऱ्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्यांच्या डॉक्टरला ते सांगावंच, कारण त्या गोळीने ऑपरेशनच्या वेळी बुबुळाचा पडदा सैल पडतो. फिनास्टेराइड घेणाऱ्याचा रक्तातला पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या कॅन्सरच्या तपासणीत मोजतात तो घटक, निम्म्यावर येतो, म्हणून तो रिपोर्ट वाचताना डॉक्टरला गोळीची कल्पना हवी. या गोष्टींनी माणसाचा डोळा वाचतो, चुकलेलं निदान टळतं. बाकावर इतकी वर्षं औषधोपचार चालवणाऱ्या तुम्हाला यातली एकही ठाऊक नव्हती.

मग एका जानेवारीत अण्णांना सर्दी झाली. नाक गळायचं थांबवणारी गोळी तुमच्याच खिशातून निघाली. दुकानात चिठ्ठीशिवाय मिळणारी साधी गोळी, मान्य. पण नाक मोकळं करणारं औषध मूत्राशयाचं मुख आवळतं आणि त्यात मिसळलेलं ॲलर्जीचं औषध मूत्राशयाच्या स्नायूचा जोर कमी करतं. ज्याचा मार्ग आधीच अरुंद झाला आहे, त्याची लघवी अशा गोळीने पूर्ण तुंबू शकते. अण्णांची तुंबली. रात्री दोनपासून ते न्हाणीघरात उभे होते. चार वाजता त्यांनी आईला हाक मारली, आणि तोपर्यंत ते घामाने भिजले होते. ओटीपोट टणक झालं होतं, हात लावू देत नव्हते. रुग्णालयात नळी घातल्यावर लिटरहून जास्त लघवी निघाली. निरोगी माणसाला तीन-चारशे मिलीलिटरलाच जोराची भावना होते. म्हणजे त्यांचं मूत्राशय कित्येक महिने अर्धवट रिकामं होत होतं आणि ते मुकाट्याने त्याची सवय करून घेत होते. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडं फुगलेली दिसली. मूत्रपिंडाचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन चढलेलं होतं.

आता ऑपरेशन करायचं की नाही, हा प्रश्न उरला नव्हता. तुमचा माझ्या लेखी सगळ्यात मोठा गुन्हा हाच आहे. तुम्ही त्यांना ऑपरेशनपासून वाचवलं नाहीत. ऑपरेशन हवं की नको हे ठरवायची जी काही वर्षं त्यांच्या हातात होती, ती तुम्ही खाल्लीत. लघवी तुंबली आणि नळी काढल्यावर पुन्हा होत नाही, प्रोस्टेटपायी मूत्रपिंडाला झळ लागली, मूत्राशयात खडे झाले, जंतुसंसर्ग किंवा रक्त जाणं सारखं उलटतंय, अशा वेळी डॉक्टर ऑपरेशन सांगतातच. त्याच्या अलीकडे मात्र प्रशस्त मैदान असतं. तिथे माणूस थांबू शकतो, गोळ्या घेऊन पाहू शकतो, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेऊ शकतो, नातीचं लग्न उरकून मग ऑपरेशन करू शकतो. अण्णांना ते मैदान दिसलंच नाही.

मूत्रपिंडं सावरेपर्यंत काही आठवडे ते नळी नि पिशवी घेऊन वावरले. मग ऑपरेशन झालं, दुर्बिणीतून. मूत्रमार्गातूनच आत जातात, ग्रंथीचा अडवणारा आतला भाग कापून काढतात, पोटावर टाका पडत नाही. कंबरेखाली भूल, तासाभराचं काम, नळी दोन-तीन दिवस. ही पद्धत कालची नाही. असलं उपकरण १९२६ साली अमेरिकेत आलं, १९३२ साली सुधारलं, आणि तेव्हापासून जगभरात वापरून वापरून माहितीचं झालं आहे. जुन्या यंत्रात धुवायला जे द्रावण वापरत ते शरीरात शोषलं जाऊन रक्तातलं सोडियम उतरायची भीती असे. नव्या यंत्रात साधं सलाइन चालतं, तो धोका टळला.

अण्णांचा मार्ग मोकळा झाला, पण धार पूर्वीसारखी आली नाही. वर्षानुवर्षं जोर लावून लावून मूत्राशयाचा स्नायू आधी जाड होतो, मग थकतो. थकलेला स्नायू ऑपरेशनने ताजातवाना होत नाही. अजूनही त्यांच्या मूत्राशयात लघवी उरते, अजूनही क्रिएटिनिन नेहमीच्या मर्यादेच्या वर आहे. थोडं आधी झालं असतं तर, हे वाक्य डॉक्टरांनी पूर्ण केलं नाही. पूर्ण करायची गरज नव्हती.

आता कॅन्सरबद्दल. प्रोस्टेटची ही साधी वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे आणि तिचा कॅन्सर होत नाही. दोन्ही आजार एकाच ग्रंथीत, एकाच वयात होऊ शकतात, म्हणून पीएसए नि बोटाने केलेली तपासणी लागते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये ग्रंथीचा बाहेरचा भाग जागेवर राहतो. बहुतेक कॅन्सर त्याच भागात होतात, म्हणून ऑपरेशननंतरही तपासण्या सोडायच्या नसतात. कापून काढलेले तुकडे तपासायला पाठवतात. चाकूने कॅन्सर पसरवायला मुळात तो तिथे असावा लागतो, एवढाही विचार तुम्ही केला नाहीत.

प्रोस्टेटच्या या त्रासाने भलेभले हलले आहेत. ऑक्टोबर १९६३ मध्ये ब्रिटनचे पंतप्रधान हॅरॉल्ड मॅकमिलन यांची लघवी अचानक तुंबली. प्रोस्टेटचं ऑपरेशन झालं आणि त्याच महिन्यात त्यांनी पंतप्रधानपद सोडलं. वाढ साधी होती. त्यानंतर ते २३ वर्षं जगले, ९२ व्या वर्षी गेले. उलट बाजूचं उदाहरणही त्याच देशातलं. जानेवारी २०२४ मध्ये राजे चार्ल्स यांच्या वाढलेल्या प्रोस्टेटवर उपचार होणार असल्याचं राजवाड्याने उघडपणे जाहीर केलं, इतर पुरुषांनी तपासून घ्यावं म्हणून. राजाला जे सांगायला लाज वाटली नाही, ते माझ्या वडिलांना आईला सांगता आलं नाही. ती लाज तुम्ही निर्माण केली नाहीत, हे मला मान्य आहे. तुम्ही तिचा फायदा घेतलात.

“माणूस कामातून गेला.” काका, हे मुलीने लिहू नये असं तुम्हाला वाटेल. लिहिते, कारण तुम्ही नेमके याच वाक्याने बाकावरच्या सगळ्यांना गप्प करता. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर दर तिघांतल्या साधारण दोघांचं वीर्य बाहेर न येता मागे मूत्राशयात जातं आणि नंतर लघवीतून निघून जातं. त्याने इजा होत नाही, संबंध ठेवता येतो, सुखाची जाणीव राहते, तरी काहींना ती बदललेली वाटते. हे ऑपरेशनआधी स्पष्ट सांगायला हवं आणि ज्याला ते नको असेल त्याचं ‘नको’ ऐकायला हवं. हा बदल टाळू पाहणारे नवे उपायही आता आहेत, सगळ्यांना ते लागू पडत नाहीत. पण ताठरता जाते, लघवी कायमची गळते, माणूस संपतो, हे जे तुम्ही सांगता त्याची तपासणी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत झाली आहे. मध्यम त्रास असलेले ५५६ पुरुष, निम्म्यांचं ऑपरेशन, निम्म्यांना नुसतं लक्ष ठेवून थांबवलं. १९९५ साली निष्कर्ष छापले. सरासरी २.८ वर्षांनी ऑपरेशन झालेल्यांत नपुंसकता किंवा लघवी गळणं थांबलेल्यांपेक्षा जास्त आढळलं नाही. उपचार फसल्याची उदाहरणं ऑपरेशनच्या गटात २३ होती, थांबलेल्यांत ४७.

मात्र याच अभ्यासातली दुसरी बाजूही मला तितकीच महत्त्वाची वाटते. थांबलेल्यांपैकी २४ टक्के लोकांनी तीन वर्षांच्या आत ऑपरेशन करून घेतलं, म्हणजे चारांतल्या तिघांनी तोवर केलं नाही. थांबणं हाही शहाण्या माणसाचा निर्णय असू शकतो, फक्त तो तपासण्या करून, डोळे उघडे ठेवून, मध्ये मध्ये मोजमाप घेत थांबणं असलं पाहिजे. अण्णांना तुम्ही थांबवलं नाहीत, अंधारात सोडलंत.

आणि आता मास्तरांचं. तुमच्याच बाकावर डाव्या टोकाला बसणारे शाळामास्तर. त्यांना तुम्ही अगदी उलटा सल्ला दिलात, कारण मधल्या काळात तुमच्या पुतण्याची कुठल्याशा मोफत तपासणी शिबिरवाल्यांशी ओळख झाली होती. “लेझर आहे, पॅकेज आहे, या महिन्यात सूट आहे, उरकून टाका.” मास्तरांची दिवसा लघवी ठीक होती. रात्री मात्र चार-पाचदा उठायचे. शिबिरात सोनोग्राफी झाली, ग्रंथी मोठी निघाली, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन. रात्रीचं उठणं आजही तेवढंच आहे. संध्याकाळी त्यांचे पाय सुजतात आणि ते पाणी रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे निघतं. साखरही वर्षभर मोजलेली नव्हती. तीन दिवस वही ठेवून किती वाजता किती मिलीलिटर लघवी झाली एवढं लिहिलं असतं, तर रात्रीच लघवी जास्त तयार होते हे कागदावर दिसलं असतं. रात्री उठण्यामागे साखर असते, हृदय असतं, रक्तदाबाची संध्याकाळी घेतलेली गोळी असते, झोपेत श्वास अडणं असतं. प्रोस्टेट त्यातलं एक. लेझर हे चांगलं हत्यार आहे, मोठ्या ग्रंथीत तर फारच उपयोगाचं, पण नको असलेलं ऑपरेशन त्याने हवंसं होत नाही. वीर्य मागे जातं हे मास्तरांना कुणीही आधी सांगितलं नव्हतं. ते त्यांना घरी आल्यावर कळलं आणि कुणाला विचारावं हे कळलं नाही.

एकाला ‘नको’ सांगून बुडवलंत, दुसऱ्याला ‘हो’ सांगून. दोन्ही वेळा त्या माणसाला नेमकं काय होतंय हे तुम्ही विचारलं नव्हतंत.

तुम्ही एकटे नाही, हे खरं. डिग्री लावलेलेही असतात. जॉन वेनबर्ग नावाच्या अमेरिकी डॉक्टरने सहकाऱ्यांबरोबर गावोगावचे ऑपरेशनचे आकडे मांडले. आयोवा राज्यात एका भागात पंच्याऐंशीपर्यंत पोचलेल्या पुरुषांपैकी १५ टक्क्यांचंच प्रोस्टेट काढलेलं होतं, दुसऱ्या भागात ६० टक्क्यांहून जास्त जणांचं. आजार तोच, माणसं तशीच. फरक होता तिथल्या डॉक्टरांच्या मताचा. मग त्यांच्या गटाने पुरुषांना फायदे, तोटे, थांबण्याचे परिणाम असं सगळं दाखवणारी चित्रफीत तयार केली. ती बघून निर्णय घेऊ दिल्यावर दोन ठिकाणी ऑपरेशनांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आलं. त्रास सारखाच असलेल्या दोघांतला एक म्हणाला मला हे सहन होत नाही, करा. दुसरा म्हणाला मी रात्री दोनदा उठेन, पण लैंगिक आयुष्यात बदल नको. दोघंही बरोबर होते. बाकावर बसून कुणाही तिसऱ्याला हे ठरवता आलं नसतं.

डॉक्टरांकडे यासाठी एक साधा कागद असतो, जगभर तोच. सात प्रश्न: लघवी उरल्यासारखं वाटतं का, वारंवार जावं लागतं का, धार मध्ये तुटते का, आवरणं जड जातं का, धार बारीक झाली का, जोर लावावा लागतो का, रात्री किती वेळा उठता. प्रत्येकाला शून्य ते पाच गुण. सातपर्यंत त्रास सौम्य, १९ पर्यंत मध्यम, २० ते ३५ तीव्र. जोडीला लघवीचा वेग मोजतात, होऊन गेल्यावर किती उरली ते सोनोग्राफीत बघतात, क्रिएटिनिन बघतात. या सातांनंतर त्या कागदावर आणखी एक प्रश्न असतो: उरलेलं आयुष्य लघवीच्या आजच्या परिस्थितीतच काढायचं झालं तर तुम्हाला कसं वाटेल? त्याचं उत्तर रुग्णाशिवाय कुणी देऊ शकत नाही. डॉक्टर नाही, मुलगी नाही, तुम्ही तर नाहीच. अण्णांना तो प्रश्न पहिल्यांदा विचारला गेला तेव्हा त्यांच्या अंगाला नळी होती.

हा कागद मी संघाच्या फलकावर लावायला दिला आहे, मराठीत, मोठ्या अक्षरांत. खाली बायका-मुलींसाठीही एक ओळ लिहिली आहे: घरातला पुरुष लग्नाला यायचं टाळू लागला, प्रवासाआधी पाणी सोडू लागला, न्हाणीघरात फार वेळ उभा राहू लागला, तर त्याला सरळ विचारा. तो आपणहून सांगणार नाही.

अण्णा परत बागेत यायला लागलेत. ते तुम्हाला काही बोलले नाहीत आणि बोलणारही नाहीत. ते तुमच्या शेजारी बसतात याचा अर्थ त्यांनी तुम्हाला माफ केलं असेल. मी केलेलं नाही.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी कुणी तुमच्या कानाशी येऊन धार बारीक झाल्याचं सांगेल, तेव्हा त्याला फलकावरचा कागद दाखवा आणि मूत्ररोगतज्ज्ञाकडे पाठवा. त्याला प्रोस्टेटचा त्रास असेल तर सर्दीची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नको म्हणून सांगा. लघवी पूर्ण बंद झाली तर सकाळ व्हायची वाट न बघता त्याच तासाला रुग्णालय गाठायला सांगा. याखेरीज त्याला काहीही सांगू नका.

अण्णांची मुलगी